तीन ॲपनी तीन आजार सांगितले. आता खरे कोणते मानावे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचे वय सव्वीस, नोकरी हिंजवडीत, राहणे वाकडला दोन मैत्रिणींबरोबर, आईवडील सोलापुरात. गेले तीन-साडेतीन महिने झोप बिघडली आहे, कामात लक्ष लागत नाही, क्षुल्लक कारणाने रडू येते आणि सुटीच्या दिवशी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही. तुम्ही तीन ॲपमध्ये आपली लक्षणे भरली. एकाने नैराश्याचे २७ पैकी १७ गुण दिले, दुसऱ्याने बायपोलर विकार (ज्यात नैराश्याचे आणि त्याच्या उलट अतिउत्साहाचे, म्हणजे उन्मादाचे, काळ येतात) ‘७२ टक्के जुळतो’ असे दाखवले आणि तिसऱ्याने प्रौढ वयातील एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, शक्यता वर्तवली. घरी स्थळे बघणे चालू असल्यामुळे, डॉक्टरांकडे जाऊन नावावर काही नोंद होण्याआधीच आजार नक्की कोणता ते तुम्हाला समजून घ्यायचे आहे, आणि म्हणून या तिघांपैकी कोणत्या ॲपवर विश्वास ठेवावा असे तुम्ही विचारले आहे.

मूळ मुद्द्याकडे वळण्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेले एक वाक्य मला हातात घेतले पाहिजे. नैराश्याच्या प्रश्नावलीतील नववा प्रश्न ‘आपण मेलो तर बरे’ किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा असतो. त्याला तुम्ही ‘काही दिवस’ असे उत्तर दिले आहे आणि पुढे ‘पण तसे काही नाही’ असेही लिहिले आहे. तसे नसेलही. तरीही त्या एका प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, की मी एकूण बेरीज बाजूला ठेवते आणि त्याच दिवशी त्याविषयी सरळ बोलते: विचार कधी येतो, किती वेळ टिकतो, त्यापुढे काही बेत मनात आला आहे का, त्या वेळी जवळ कोण असते. तुम्ही आजच दोघी मैत्रिणींपैकी जिच्याशी मोकळेपणाने बोलता येते तिला हे सांगा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. विचार वाढले आणि स्वतःला सावरणे कठीण वाटू लागले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता ससूनच्या किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थेट जावे, आणि एकटीने न जाता कोणाला तरी बरोबर घ्यावे. हे आधी करा. बाकीचे उत्तर नंतर वाचले तरी चालेल.

आता प्रश्नाकडे. कोणते ॲप बरोबर, असे तुम्ही विचारले असले तरी तुमची खरी अडचण निराळी असावी असे मला वाटते. तुम्हाला दवाखान्याची पायरी न चढता निदान हवे आहे, कारण एकदा पायरी चढली की कपाळी शिक्का बसेल अशी धास्ती आहे. ही धास्ती मी जवळजवळ रोज ऐकते आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तिच्यापोटी तुम्ही ॲपकडे असे काम मागत आहात, जे त्याच्या रचनेतच बसत नाही. तिन्ही ॲपनी आपापले काम कदाचित ठीकच केले असेल. त्यांनी तीन वेगळ्या याद्या तुमच्यापुढे धरल्या, आणि तुम्हाला सध्या होणाऱ्या त्रासाचा काही ना काही भाग तिन्ही यादींशी जुळला. त्रास कधीपासून सुरू झाला, त्याआधी आयुष्यात काय घडले, पूर्वी कधी याच्या अगदी उलट अवस्था आली होती का, जवळच्या माणसांना काय दिसले, हे त्यांनी जवळपास विचारलेच नाही. आणि निदान ठरते ते या गोष्टींवर.

वर्णनावरून पहिल्या ॲपमधील प्रश्नावली पीएचक्यू-९ असावी. ती चांगली आहे. आम्हीही ती वापरतो, आणि तिचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे. क्रोन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी अमेरिकेतील सामान्य आणि स्त्रीरोग दवाखान्यांत आलेल्या ६,००० रुग्णांच्या पाहणीच्या आधारे २००१ मध्ये तिची उपयुक्तता मांडली. प्रश्न नऊ, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि चौकशी केवळ गेल्या दोन आठवड्यांची. ५, १०, १५ आणि २० या गुणांवर तीव्रतेची पायरी बदलते. १५ ते १९ ही ‘मध्यम ते तीव्र’ यांच्या मधली पायरी असल्यामुळे तुमच्या १७ गुणांकडे काणाडोळा करून चालणार नाही. गेले दोन आठवडे तुम्हाला बराच त्रास होत आहे, एवढे ते गुण खात्रीने सांगतात.

त्यापलीकडे ते का जात नाहीत हे समजण्यासाठी त्या प्रश्नावलीतील तिसरा प्रश्न जवळून बघा. झोप लागायला किंवा टिकायला त्रास होतो, अथवा झोप फार येते, असे सगळे प्रकार त्या एकाच प्रश्नात आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एखाद्याला रात्री अकराला झोप लागते, पण पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग येते, सकाळचे दोन-तीन तास असह्य जातात आणि दिवस कलल्यावर जरा हायसे वाटते. दुसरी व्यक्ती दोन वाजेपर्यंत कूस बदलत उद्याच्या मीटिंगचा विचार करत राहते. तिसरी बारा-बारा तास झोपूनही अंग शिशासारखे जड झाल्याची तक्रार करते. या तिघांनाही त्या प्रश्नाचे तीन गुण मिळतील. पहिल्या वर्णनावरून मला तीव्र नैराश्याची शंका येते, दुसऱ्यावरून चिंताविकाराची, आणि तिसऱ्या व्यक्तीच्या बाबतीत थायरॉइडपासून बायपोलर विकारातील नैराश्यापर्यंत बरेच काही तपासावे लागते. भुकेच्या प्रश्नातही भूक मरणे आणि अतिखाणे एकत्र आहे. हालचालींच्या प्रश्नात मंदावणे आणि अस्वस्थ येरझाऱ्या एकत्र आहेत. बेरीज केली की हे भेद पुसले जातात. प्रश्नावली करणाऱ्यांचा यात काही दोष नाही, कारण ती चाळणी म्हणून केली आहे आणि चाळणीला इतकेच पुरते.

तुमच्याच पत्रात एक तपशील आहे, जो तिन्ही ॲपच्या नजरेतून सुटला. अमेरिकेतील क्लायंटमुळे चार महिन्यांपूर्वी तुमची शिफ्ट बदलली आणि घरी पोहोचायला रात्रीचे दीड-दोन वाजू लागले, असे तुम्ही लिहिले आहे. त्रास त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झाला. मी तुमच्यासमोर बसले असते तर पहिला अर्धा तास याच गोष्टीवर घालवला असता: शिफ्ट बदलण्याआधी झोप कशी होती, सुटीला गावी गेल्यावर ती सुधारते का, चहा-कॉफी किती वाढली, जेवण कधी होते, दिवसा उन्हात किती वेळ जाता. शिफ्ट हेच कारण आहे असे मी म्हणत नाही. झोपेचे चक्र विस्कटल्याने नैराश्य येऊ शकते, नैराश्य आधीच डोके वर काढत असेल तर शिफ्टने त्याला धक्का दिलेला असू शकतो, आणि दोन्ही केवळ योगायोगाने एकत्र आलेलेही असू शकतात. उपचार मात्र यांतले काय खरे आहे त्यानुसार बदलतात.

गुणांविषयी आणखी एक गोष्ट सांगते, थोडे गणित आहे पण सोपे आहे. २००१ च्या त्या अभ्यासात १० किंवा अधिक गुणांचा निकष लावला, तेव्हा तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक बरोबर ओळखले गेले आणि ते नसलेल्यांपैकी ८८ टक्के लोक बरोबर वगळले गेले. ऐकायला हे फार खात्रीचे वाटते. आता समजा, शंभरात पाच जणांना नैराश्य आहे अशा वस्तीतील एक हजार लोकांनी घरबसल्या ही प्रश्नावली भरली. पन्नास जण आजारी, त्यांपैकी ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही ‘नैराश्य संभवते’ असा निकाल मिळेल. एकूण १५८ जणांच्या हातात तो निकाल पडेल आणि त्यांपैकी खरे आजारी ४४, म्हणजे शंभरात जेमतेम २८. हीच प्रश्नावली माझ्या दवाखान्यात भरली, जिथे येणाऱ्या निम्म्या लोकांना नैराश्य आहे असे धरू, तर त्याच निकालाचा अर्थ शंभरात ८८ इतका वाढतो. प्रश्न तेच, गुण तेच. भरणारा कोठून आला यावर त्याचा अर्थ ठरला. तुमचे गुण १० नसून १७ आहेत, त्रास तीन महिन्यांपेक्षा जुना आहे आणि कामावर परिणाम झाला आहे, म्हणून तुमच्या बाबतीत शक्यता त्या २८ पेक्षा पुष्कळ वर जाते. पण ती वर गेली ती या इतर माहितीमुळे, आणि ती तोलून बघायला समोर माणूस लागतो.

बायपोलरच्या ७२ टक्क्यांनी तुम्ही सर्वांत जास्त धास्तावलेल्या दिसता. अशा ॲपमध्ये ‘जुळण्याचे’ टक्के म्हणजे बहुतेक वेळा तुमची उत्तरे त्या आजाराच्या यादीशी किती मिळाली याचे मोजमाप असते. तो आजार असण्याची शक्यता शंभरात ७२, असा त्याचा अर्थ लावू नये. ‘मूड पटकन बदलतो’ आणि ‘चिडचिड होते’ या दोन प्रश्नांना थकलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ‘हो’ म्हणतो, आणि तेवढ्यावर हे नाव यादीत वर चढते. या विकारासाठी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या प्रश्नावलीत हो-नाहीचे तेरा प्रश्न आहेत. त्यांनंतर या गोष्टी एकाच काळात घडल्या का आणि त्यांमुळे आयुष्यात किती अडचण आली, असे आणखी दोन प्रश्न आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या चाचण्यांमध्ये हे शेवटचे दोन प्रश्न गाळलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि खरी चाळण तर त्या दोन प्रश्नांतच आहे.

बायपोलर विकार ओळखायचा तो नैराश्याच्या काळावरून नव्हे, त्याच्या उलट काळावरून. एका गृहस्थांचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ते नैराश्याच्या गुणांचा कागद छापून घेऊनच आले होते. झोप नाही, उमेद नाही, कामावर जावेसे वाटत नाही, सगळे नैराश्यात चपखल बसणारे. मी विचारले, की याच्या उलट, फार उत्साहाचे दिवस कधी आले होते का. ते म्हणाले, नाही. शेजारी बसलेली पत्नी थोडी घुटमळली आणि म्हणाली, “दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत तुम्ही बघायला हवे होते यांना.” ते ढोल-ताशा पथकात होते. त्या दिवसांत पुण्यात पथकातील सगळेच कमी झोपतात, रात्री उशिरापर्यंत सराव, सकाळी नोकरी, त्यात नवल काही नाही. पण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे आडवे झाले आणि हे तीन तास झोपून ताजेतवाने उठले. हे पुढे दोन-अडीच आठवडे चालले. मध्यरात्री साहेबांना फोन करून नव्या योजना सांगितल्या, गरज नसताना तळेगावला दुसऱ्या फ्लॅटची बुकिंगची रक्कम भरली, बोलणे इतके भरभर की समोरच्याला मध्ये शब्द टाकता येईना. त्यांच्या स्वतःच्या आठवणीत मात्र ते आयुष्यातले उत्तम दिवस होते, मग आजाराच्या यादीत ते कशाला सांगतील?

नैराश्याची कोणतीही प्रश्नावली हे विचारत नाही. आणि हा तपशील उपचाराच्या दृष्टीने कळीचा असतो, कारण बायपोलर विकार असलेल्या व्यक्तीला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय केवळ नैराश्यावरचे औषध दिले, तर उन्मादाची अवस्था उसळण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्या भेटीला शक्यतो घरचे किंवा बरोबर राहणारे कोणी आणावे असा आमचा आग्रह असतो. तुम्ही जे वर्णन केले आहे, सकाळी ठीक, दुपारी चिडचिड, रात्री रडू, असे एकाच दिवसातील चढउतार झोपमोडीत, तणावात, पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि साध्या नैराश्यातही दिसतात. उन्मादाच्या सौम्य अवस्थेसाठीसुद्धा सलग किमान चार दिवस, आणि पूर्ण उन्मादासाठी साधारण एक आठवडा तसा जावा लागतो. तुम्हाला बायपोलर विकार नाही, असे मी तुम्हाला न तपासता म्हणणार नाही. पण त्या टक्क्यांमुळे झोप उडवून घेण्याचे कारण मला दिसत नाही.

एडीएचडीविषयी थोडक्यात सांगते. अलीकडे हे नाव फार ऐकू येते आणि ज्यांचे निदान लहानपणी राहून गेले अशा काही जणांना त्याचा खरोखर फायदाही झाला आहे. परंतु या विकाराची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली असावीत, अशी निदानाची अट आहे. सव्विसाव्या वर्षी, शिफ्ट बदलल्यानंतर लक्ष लागेनासे झाले, हे त्या अटीत बसत नाही. म्हणून मी रुग्णांना शाळेच्या प्रगतिपुस्तकातील शेरे आठवायला सांगते, शक्य असेल तर आईकडून जुनी प्रगतिपुस्तके मागवते. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते, वह्या हरवते’ असे शेरे तिसरीपासून दहावीपर्यंत सारखे दिसले, तर माझी दिशा बदलते. तसे काही नसेल, तर लक्ष न लागण्याचे कारण आधी झोप, चिंता आणि नैराश्य यांतच शोधावे.

एक शाखा तिन्ही ॲपनी अगदी वरवर हाताळली, ती शरीराची. थायरॉइडचे स्राव कमी पडणे, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, घोरण्याबरोबर येणारा झोपेतील श्वासाचा अडथळा आणि काही औषधे, यांपैकी कशानेही थकवा, मंदपणा, चिडचिड आणि उदासी येऊ शकते. आपल्याकडे बी-१२ चा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या शहरी आणि ग्रामीण लोकांमधील बी-१२ च्या कमतरतेवर वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते. त्यामुळे पहिल्या भेटीत मी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या बहुतेकांना लिहून देते. यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेच यायला हवे असेही नाही. तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर त्या करून घेऊ शकतात, आणि ज्यांना एकदम मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटतो त्यांना मी हाच मार्ग सुचवते.

मग ही ॲप टाकाऊच आहेत का? मुळीच नाही. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लक्षणे तपासणाऱ्या २३ साधनांची परीक्षा प्रसिद्ध झाली. ४५ प्रमाणित रुग्णवर्णने दिल्यावर योग्य निदान यादीत पहिल्या क्रमांकावर आले ते केवळ ३४ टक्के वेळा, आणि कोठे व किती तातडीने जावे हा सल्ला ५७ टक्के वेळा योग्य होता. तो अभ्यास सर्व प्रकारच्या आजारांचा होता आणि त्यानंतर साधने बदलली आहेत. तरी मानसिक आजारांत रक्ताची चाचणी किंवा एक्स-रे काढून निदान पक्के करता येत नाही, त्यामुळे या क्षेत्रात ॲपचे काम अधिक कठीण आहे, सोपे नव्हे. हल्ली चॅटबॉटला विचारण्याची पद्धत रूढ होत आहे. तिथे निराळी अडचण दिसते: ‘मला बायपोलर आहे का?’ असे विचारले, की संभाषण त्याच नावाभोवती फिरत राहते आणि विचारणाऱ्याच्या मनातील शंकेला दुजोरा मिळत जातो.

पण दुसरी बाजूही मी रोज पाहते. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के आढळले. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडील चित्र फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.) अशा परिस्थितीत रात्री दोन वाजता कोणालाही न सांगता कोणी पहिल्यांदा आपल्या त्रासाकडे नीट पाहत असेल, तर मला ते चांगलेच वाटते. नवव्या प्रश्नाचे उत्तर समोर माणूस असताना देणे अनेकांना जमत नाही, मोबाइलवर जमते. आणि उपचार सुरू झाल्यावर तर पीएचक्यू-९ फार उपयोगी पडते: गुण पाचने घटले तर फरक पडतो आहे असे मानतात, निम्म्यावर आले तर उपचार लागू पडले, पाचच्या खाली गेले तर आजार ओसरला. निदान झाल्यानंतर त्याची चढउतार मोजणे, हे या साधनांचे खरे बलस्थान आहे.

काही जणांनी मात्र यापासून दूरच राहावे. ज्यांना आजारपणाची भीती हाच मुख्य त्रास आहे, किंवा ज्यांना खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही अशा मंत्रचळाच्या रुग्णांना प्रत्येक चाचणीनंतर तासभर हायसे वाटते आणि मग शंका दुप्पट होऊन परत येते. सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा दर दोन तासांनी चाचणी देत असे आणि गुणांत एकाचा फरक पडला तरी त्याचा उरलेला दिवस हातचा जाई. बाळंतपणानंतरच्या स्त्रियांनीही नेहमीच्या प्रश्नावलीवर विसंबू नये; बाळामुळे झोप आणि भूक बिघडलेलीच असते, म्हणून त्यांच्यासाठी १९८७ पासून एडिनबरो प्रश्नावली वेगळी आहे. तुम्ही तीन दिवसांत तीन ॲप पालथी घातलीत, यावरून तुम्ही पहिल्या गटाकडे झुकत आहात का, हे स्वतःला विचारून बघा.

आता तुमच्या धास्तीविषयी, म्हणजे नोंद, घर आणि स्थळे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांना बंधनकारक आहे. याला ठरावीक अपवाद आहेत, आणि त्यांतला तुम्हाला माहीत असावा असा अपवाद म्हणजे कोणाच्या तरी जिवाला धोका दिसणे. तुम्ही सज्ञान आहात. आईवडिलांचा फोन आला तरी तुमच्या संमतीवाचून आम्ही काही सांगत नाही, मग स्थळाकडची मंडळी तर दूरच. गंमत अशी की, ज्या गुप्ततेसाठी तुम्ही ॲपचा आधार घेतलात ती तिथे अधिक कच्ची असू शकते. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांच्या आरोग्यविषयक माहितीचा जाहिरातींसाठी वापर करून ती फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. तुमच्या तीन ॲपचे काय, ते त्यांच्या अटी वाचूनच कळेल. कंपनीने दिलेले ॲप असेल तर अटी दोनदा वाचा. लग्नाचे म्हणाल, तर ठरल्यावर जोडीदाराला काय आणि कधी सांगायचे हा विषय महत्त्वाचा आहे, पण तो उपचार लांबणीवर टाकण्याचे कारण होऊ देऊ नका. बरे वाटू लागल्यावर त्यावर शांतपणे बोलता येते. सध्याच्या अवस्थेत स्थळाविषयीचे निर्णयसुद्धा शक्यतो घेऊ नयेत, असे मी सुचवेन.

कोणाकडे जावे हे तुमच्या सोयीवर आणि खिशावर अवलंबून आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार, म्हणजे संवादातून होणारे उपचार, करतात, औषध देत नाहीत. तुमचे गुण, नवव्या प्रश्नाचे उत्तर आणि तीन महिन्यांहून अधिक काळ पाहता पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांशी व्हावी असे मला वाटते. ससूनमध्ये केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येते, गर्दी असते पण खर्च नगण्य. इतर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. खासगीत वेळ ठरवून निवांत बोलता येते. औषध लागेलच असेही नाही. सौम्य ते मध्यम नैराश्यात केवळ मानसोपचारांनी आणि दिनक्रम सावरून फरक पडणारे पुष्कळ रुग्ण आहेत. तुमच्या बाबतीत काय, ते प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच ठरवावे.

जाताना एका पानावर चार गोष्टी लिहून न्या: त्रास सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत काय काय बदलले, गेल्या सात दिवसांत झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा, घरात कोणाला मानसिक आजार किंवा थायरॉइड होता का, आणि चालू असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक काढे आणि वजन कमी करण्याच्या गोळ्यासुद्धा. ॲपचे निकाल न्यायला हरकत नाही, फक्त ते शेवटी दाखवा. सुरुवातीलाच ‘मला बायपोलर दाखवले आहे’ असे म्हटलेत, तर घाईत असलेल्या डॉक्टरांचे प्रश्नही त्याच वाटेने जाऊ लागतात. तिघांपैकी पीएचक्यू-९ असलेले ॲप ठेवायचे असेल तर ठेवा आणि दोन आठवड्यांतून एकदा, ठरावीक दिवशी भरा, कारण ते विचारतेच मुळी दोन आठवड्यांचे. उरलेली दोन काढताना नुसते चिन्ह पुसू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन खाते आणि भरलेली माहिती हटवण्याचा पर्याय निवडा, आणि मग ॲप काढा.